उत्तर न आल्यास

७ फेब्रुवारी

आदरणीय समुपदेशक बाई,

आपली-माझी भेट एकदाच झाली आहे, आणि तीही दारातली. गेल्या वर्षी जुलैतल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी माझ्या मुलाला आपल्याकडे घेऊन आलो होतो. त्याची मोटारसायकल दुरुस्तीला होती, आणि पहिल्या दिवशी एकटा गेला तर तो जिन्यावरूनच परत फिरेल, अशी त्याच्या आईची खात्री होती. मी बाहेरच्या खोलीतल्या बाकावर बसलो. तो आतून आल्यावर मी आपल्याला विचारले, ‘मला अहवाल कधी मिळेल?’ आपण हसला नाहीत, याची मी तेव्हाच नोंद घेतली. ‘तुमचा मुलगा सज्ञान आहे. इथलं बोलणं त्याचं आहे,’ एवढेच आपण म्हणालात.

त्याला आम्ही घरात घुम्या म्हणत असू. नाव त्याच्या आईने ठेवले. बोलणे पहिल्यापासून बेताचे. चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात तो कामाला होता. काच उजेडाकडे धरायची आणि चरा कुठे राहिला ते शोधायचे, हे काम त्याला मनापासून आवडे. मागच्या वर्षी त्याने आधी मित्र कमी केले, मग जेवण, मग झोप. संध्याकाळी एखादे दुकान आवरावे, तसा तो एकेक गोष्ट आत नेत राहिला. म्हणून तर आपल्याकडे आणले. आपल्याकडून आल्यावर त्याची आई दर गुरुवारी विचारी, ‘काय बोललात रे?’ आणि तो हात धुता धुता म्हणे, ‘काही विशेष नाही.’

नोव्हेंबरच्या अखेरीस कामावरून परतताना धरणाच्या रस्त्यावरच्या वळणावर त्याची गाडी वळली नाही. ती सरळ पुढे गेली. खाली खडक आहेत. वळणाला कठडा नव्हता. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून सारी नोकरी अंतर्गत लेखापरीक्षणात केली आहे. इतरांनी ‘बरोबर’ म्हणून सही केलेले कागद पुन्हा उघडणे हा माझा व्यवसाय आहे. त्या सवयीने मी तिथे जाऊन पाहिले. रस्ता कोरडा होता. वळण त्याच्या रोजच्या वाटेवरचे होते. उजेड पुरेसा होता. ब्रेक दाबल्याची खूण कुठेही नव्हती.

माझा प्रश्न एकच आहे. हा अपघात होता की नव्हता? तो शेवटचे कुणाशी मोकळेपणाने बोलला असेल, तर आपल्याशी. गोपनीयतेची अडचण मी गृहीत धरतो. परंतु ती ज्याच्या हितासाठी पाळायची, तो आता नाही. त्याच्या मागे जे काही उरते, त्याचे वारस त्याचे आईवडीलच असतात. आपल्या सविस्तर उत्तराच्या अपेक्षेत आहे.

आपला,
घुम्याचा बाप

१५ फेब्रुवारी

आदरणीय महोदय,

आपले पत्र मिळाले. त्यातली दुकान आवरण्याची ओळ वाचून मी पत्र बाजूला ठेवले आणि बऱ्याच वेळाने पुन्हा हाती घेतले. आपल्या दुःखापुढे माझे उत्तर कोरडे वाटेल, हे मला ठाऊक आहे.

आपण विचारता ते मी सांगू शकत नाही. ‘सांगणार नाही’ असे न लिहिता ‘सांगू शकत नाही’ असे मी जाणूनबुजून लिहीत आहे. आमच्या कामात गोपनीयता हे मी कुणावर केलेले उपकार नसतात. काम त्यावरच उभे असते. पहिल्या भेटीत, माणसाने एक शब्दही बोलण्यापूर्वी, मी त्याला समजावून सांगते की इथले काय बाहेर जाईल, काय जाणार नाही आणि का. ते समजून त्याने होकार दिला की मगच सुरुवात. त्या होकाराला आम्ही माहितीपूर्ण संमती म्हणतो. तो होकार माणसाबरोबर संपत नाही. संपत असता, तर आज माझ्यासमोर बसलेला प्रत्येक जण आपल्या मरणानंतरचाही विचार करून बोलला असता.

याला अपवाद आहेत, आणि तेही मी पहिल्याच दिवशी सांगते. कुणाच्या जिवाला, त्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, स्पष्ट आणि जवळचा धोका दिसला, तर मी गप्प बसत नाही. घरच्यांना कळवते.

आपण आणि आपल्या पत्नी सध्या कशा परिस्थितीत दिवस काढता आहात, हे विचारायचे राहू नये म्हणून विचारते. जेवता का? झोप येते का?

आपली,
समुपदेशक

२० फेब्रुवारी

आदरणीय बाई,

जेवतो. झोपेविषयी न लिहिलेले बरे.

आपल्या पत्रातला अपवादाचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि मला वाटते, आपल्या नकळत आपण अर्धे उत्तर दिले आहे. जिवाला धोका दिसला तर आपण घरच्यांना कळवता. आम्हाला आपण काहीही कळवले नाही. यातून दोनच निष्कर्ष निघतात. एक, धोका नव्हता, म्हणजे अपघात. दोन, धोका होता आणि तो आपल्याला दिसला नाही. तिसरा निष्कर्ष मला तरी सापडत नाही. यांपैकी पहिला खरा असता, तर तो सांगण्याने कुणाचेही नुकसान नव्हते. आपण एका ओळीत मोकळ्या झाला असता. आपण तसे केले नाही.

हा नुसता तर्काचा खेळ नाही. त्याचे कारण आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

माझ्या पत्नीने अपघात हा शब्द धरून ठेवला आहे. डिसेंबरपासून ती रस्ते विभागाच्या कार्यालयात खेटे घालते. त्या वळणाला कठडा हवा आणि रात्री चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात, एवढी तिची मागणी. पूर्वी वीजबिलाच्या खिडकीशी जायचे तरी मला पुढे करणारी बाई आता अभियंत्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसते. परवा सांगत होती, ‘तो कारकून मला बघितलं की फायलीत तोंड घालतो. मी म्हटलं, घाला, घाला. बाहेर काढाल तेव्हा मी इथेच असेन.’ आणि हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

ती सकाळी उठते ते त्या कठड्यासाठी. आता तो अपघात नसेलच, तर ती ज्याच्यासाठी भांडते आहे त्याला कठड्याने वाचवले नसते. बाई, मी सबंध आयुष्य खोट्या आकड्यांवर सही केलेली नाही. मी तिच्याशेजारी बसून रोज चहा पितो आणि तिच्या या धडपडीला मान डोलावतो. ती मान डोलावणे खरे की खोटे, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

आपला,
घुम्याचा बाप

२ मार्च

आदरणीय महोदय,

आपण दोन निष्कर्ष काढलेत आणि तिसरा सापडत नाही म्हणालात. माणसे सगळे सांगत नाहीत. काही गोष्टी त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतात. काही गोष्टी एका क्षणी खऱ्या असतात आणि पुढच्या क्षणी नसतात. जोखमीचा अंदाज घेण्याच्या आमच्या पद्धती आहेत; आम्ही सरळ शब्दांत प्रश्न विचारतो, टाळत नाही. तरीही तो अंदाजच असतो. हे मी कुणा एकाविषयी लिहीत नाही. कुणाविषयीही मी हेच लिहिले असते, आणि आपण ते तसेच वाचावे, ही विनंती.

आपले पत्र वाचताना आपल्याबद्दल कळवळा वाटला असे लिहिले, तर ती सहानुभूती झाली. काठावर उभे राहून वाटते ती. आमच्याकडे दुसरा एक शब्द आहे, समानुभूती: समोरच्याच्या जागी जाऊन त्याच्या डोळ्यांनी पाहायचे, आणि तरी आपण तो नाही हे विसरायचे नाही. आपल्या चहाच्या टेबलाशी मी तशी बसून पाहिले. तिथे मान डोलावणे फार कठीण आहे.

त्या टेबलाशी आपल्याबरोबर कुणीतरी असायला हवे. ते मी असू शकत नाही. ज्या घरातल्या एकाशी मी काम केले, त्याच घरातल्या दुसऱ्याची समुपदेशक मी झाले, तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानाने ऐकू लागेन. अशा दुहेरी नात्यापासून आम्ही दूर राहतो. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. ते कमी बोलतात आणि वेळ पाळतात. आपले त्यांच्याशी पटेल असे वाटते.

आपली,
समुपदेशक

९ मार्च

आदरणीय बाई,

मला सहकारी नको, उत्तर हवे आहे. समानुभूतीबद्दल आभारी आहे. तिचा उपयोग मला आजवर झालेला नाही.

आमच्या लेखापरीक्षणात एक पद्धत आहे. कुणाकडून येणे असलेल्या रकमेबद्दल खात्री करायची असेल, तर संबंधितास पत्र पाठवतात: ‘आमच्या नोंदीप्रमाणे स्थिती अशी आहे. ती चुकीची असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवावे. उत्तर न आल्यास ती बरोबर आहे असे समजण्यात येईल.’ माणसे बरोबर असलेल्या गोष्टीला उत्तर देत नाहीत. चूक दिसली तर मात्र लगेच कळवतात. या पद्धतीने माझी फसगत सहसा झालेली नाही.

तेव्हा, माझ्या नोंदीप्रमाणे स्थिती अशी: माझा मुलगा त्या वळणावर जाणूनबुजून वळला नाही. माझे आधार असे. वळणावरची परिस्थिती मी कळवलीच आहे. दुसरे, आपण दोनदा संधी असूनही ‘अपघात’ हा शब्द उच्चारला नाहीत. तिसरे, मी दुकान आवरण्याबद्दल लिहिले, त्या ओळीवर आपण पत्र बाजूला ठेवलेत. ज्याला माहीत नसते, तो अशा ओळीवर थांबत नाही.

ही नोंद चुकीची असल्यास आपण वीस मार्चपर्यंत तसे कळवावे. कारणे देण्याची गरज नाही. ‘चूक’ एवढा एक शब्द पुरे. त्याने कसलीही गोपनीयता मोडत नाही. उत्तर न आल्यास मी माझी नोंद बरोबर समजेन आणि पत्नीला सांगेन. तिला खोट्या आधारावर उभे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

आपला,
घुम्याचा बाप

२५ मार्च

आदरणीय महोदय,

हे पत्र आपल्या तारखेनंतर लिहीत आहे. पोचेल तेव्हा आणखी उशीर झालेला असेल. कृपया आधी एवढेच वाचा: माझ्या गप्प राहण्याला कोणताही अर्थ नव्हता. आपण पत्नीला काही सांगितले नसेल, तर सांगू नका.

आपले पत्र मला वेळेवर मिळाले होते. ते वाचून माझी कोंडी झाली. ‘चूक’ लिहिले, तर मी मुलाचे आतले काही बाहेर ठेवले. न लिहिले, तर आपण त्याचा होकार धरणार. माझ्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा आपण आधीच अर्थ लावून ठेवला होता. अशा वेळी एकट्याने ठरवायचे नाही, ही आम्हाला शिस्त आहे. प्रत्येक समुपदेशकाचे काम त्याच्याहून अनुभवी कुणीतरी पाहत असते. त्याला पर्यवेक्षण म्हणतात. माझ्या पर्यवेक्षकांना आम्ही सगळे ताई म्हणतो. त्यांची-माझी बैठक महिन्याच्या चौथ्या शनिवारी असते. मी आपले पत्र तोवर राखून ठेवले. घाईने चुकीचे काही लिहू नये, असे मी स्वतःला सांगत होते.

काल ताईंसमोर पत्र ठेवले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘वीस तारीख होऊन गेली की गं!’

मी म्हटले, ‘नियमाप्रमाणे तुम्हाला विचारल्याशिवाय…’

‘नियम मला माहितेय. फोनही मला माहितेय. तो का नाही केलास?’

मी पत्राची घडी घालू लागले. मग त्या म्हणाल्या, ‘आता लिही. पण असं लिही, जे तू कुठल्याही बापाला लिहिलं असतंस. पोरगा पाय घसरून गेला असता तरी हेच, आणि तसा गेला नसता तरी हेच.’

तेच लिहिते आहे. मी ‘अपघात’ म्हणाले नाही, कारण एका घराला मी तसे सांगितले, तर ज्या घराला सांगणार नाही, त्याला उत्तर आपोआप मिळेल. म्हणून आम्ही कुणालाच सांगत नाही. आणि त्या ओळीवर मी थांबले, ती कुणीही थांबले असते म्हणून. ती ओळ तशीच होती.

आपली,
समुपदेशक

३० मार्च

आदरणीय बाई,

आपले पत्र पोचले. एकवीस तारखेला मी पत्नीला सांगितले होते.

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कठड्याच्या अर्जाची फाईल घेऊन बसली होती. मी पद्धतशीरपणे सांगितले: रस्ता, उजेड, ब्रेक, आपली पत्रे, माझे शेवटचे पत्र, आपले न आलेले उत्तर. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी म्हणाली, ‘त्या बाईंनी असं लिहिलंय?’

‘लिहिलं नाही. पण उत्तर दिलं नाही, म्हणजे तेच.’

‘अहो, आपला घुम्यासुद्धा उत्तर देत नसे,’ ती म्हणाली. ‘मग त्याचंही तुम्ही असंच काहीतरी समजून चालत होता का?’

तिने फाईलची दोरी बांधली, ती कपाटावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बहिणीकडे निघून गेली. भांडण झाले नाही. बॅग मीच खाली नेऊन दिली. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, ‘दूध उतू जाऊ देऊ नका.’ तेवढेच.

रस्ते विभागातून काल माणूस आला होता. बाई या आठवड्यात आल्या नाहीत, बऱ्या आहेत ना, असे विचारत होता. अर्धे खांब रोवून झाले आहेत म्हणे.

आपल्या नियमात चूक नव्हती. माझ्या पद्धतीतही नव्हती. तरी हे झाले. आता लिहिण्यासारखे काही नाही.

घुम्याचा बाप

४ एप्रिल

आदरणीय महोदय,

आपण लिहिता की माझ्या नियमात चूक नव्हती. नियमात नव्हती, माझ्यात होती, आणि ती आपल्याला सांगणे मी लागते.

ताईंनी मला पुन्हा विचारले, फोन का नाही केलास. या वेळी मी खरे सांगितले. समोर बसलेला माणूस कधी कधी समुपदेशकावर रागावतो किंवा माया करतो, आणि तो राग, ती माया मुळात दुसऱ्याच कुणाच्या वाट्याची असते. याला आम्ही भावस्थानांतरण म्हणतो. तेच समुपदेशकाकडून समोरच्याच्या बाबतीत घडले, तर ते प्रति-भावस्थानांतरण; आणि ते ओळखायला आम्हाला वर्षानुवर्षे शिकवले जाते. ‘अमुक तारखेपर्यंत कळवावे’ ही आपली ओळ वाचली, तेव्हा मला माझे वडील ऐकू आले. त्यांनाही सगळे लेखी आणि वेळेत हवे असे, आणि लहानपणी त्यांना वाट बघायला लावणे हे एकच हत्यार माझ्या हाती होते. मी आपल्याला वाट बघायला लावली. त्याला शिस्तीचे नाव दिले.

याची भरपाई मला करता येणार नाही. क्षमा मागते.

त्या सहकाऱ्यांचा पत्ता पुन्हा लिहिते आहे. घरात आपण एकटे आहात, म्हणून या वेळी विनंती न करता आग्रहच करते. आणि एक प्रश्न मी सरळ शब्दांत विचारते, कारण आमच्यात तो सरळच विचारायचा असतो: स्वतःचे काही बरेवाईट करावे, असे आपल्या मनात येते का? येत असेल, तर उत्तराच्या पत्रात वेळ घालवू नका. खाली माझा आणि त्यांचा, दोघांचेही फोन क्रमांक आहेत. कोणत्याही वेळी करा. आपल्याकडून काही कळले नाही, तर मी आपण बरे आहात असे समजणार नाही. मी स्वतः दारात येईन.

आपली,
समुपदेशक

७ एप्रिल

आदरणीय बाई,

दारात येण्याची तसदी घेऊ नये. तसे काही मनात नाही. एक-दोनदा आले होते, आता नाही. आपल्या सहकाऱ्यांना फोन केला आहे. त्यांनी मंगळवारची वेळ दिली.

घुम्याचा बाप

१९ ऑगस्ट

आदरणीय बाई,

इतके महिने पत्र लिहिले नाही, याचा कृपया काही अर्थ लावू नये.

आपले सहकारी खरोखरच कमी बोलतात. पहिल्या मंगळवारी मी पंखा, भिंत, त्यांचे बूट असे सगळे तपासून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला. तो काय होता, हे सांगतो, कारण तो माझा आहे आणि सांगण्याचा अधिकारही माझा आहे. मी विचारले, ‘इथे मी जे बोलेन, ते माझ्या बायकोला कळेल का?’

ते म्हणाले, ‘नाही.’

‘मी मेल्यावर?’

‘तरीही नाही.’

तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. काय बोललो, ते लिहीत नाही.

पत्नी जूनमध्ये परत आली. तिच्या बहिणीला कंटाळून आली असे ती म्हणते. बहीण म्हणते, मी हाकलली. ती परतल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी मी आपल्या सहकाऱ्यांकडून घरी आलो, तर ती दारातच उभी. ‘काय बोललात?’ मी मोरीत हात धूत होतो. तोंडातून निघाले, ‘काही विशेष नाही.’

बाई, मी नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. ते वाक्य कुणाचे, हे आम्हा दोघांनाही कळले होते. मला तिच्यापासून काही लपवायचे नव्हते. तिच्यावर माझे ओझे पडू नये, एवढेच होते. त्याच्या त्या तीन शब्दांमागे काय होते, ते मला माहीत नाही. पण त्यांच्या मागे काहीही असू शकते, हे मला त्या मोरीशी पहिल्यांदा समजले.

माझा प्रश्न मी मागे घेत आहे. उत्तर मिळाले म्हणून नव्हे. हिशेबात जो फरक सापडत नाही, तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात ठेवतात, आणि ते खाते उघडे ठेवून वर्ष बंद करणे ही नामुष्की, असे मी हाताखालच्या मुलांना आयुष्यभर सांगत आलो. माझे एक खाते आता उघडेच राहणार. तो अपघात असेल. नसेल. रोज सकाळी दोन्हींसकट उठावे लागते. त्याची सवय होत नाही, आणि होईल असे आपले सहकारीही म्हणत नाहीत. तेवढा त्यांचा प्रामाणिकपणा मला पटतो.

सोबत पत्नीची चिठ्ठी आहे. तिने पाकीट चिकटवूनच माझ्या हाती दिली.

आपला,
घुम्याचा बाप

(सोबतची चिठ्ठी)

बाई,

यांना वाचू नका म्हटलंय. वाचणार नाहीत, तेवढे सरळ आहेत. त्या सरळपणानंच जीव नकोसा केला होता, पण ते जाऊ दे.

तुमच्यावर माझा राग नाही. होता, बहिणीकडे असताना होता. तिच्याकडे पडून पडून भिंती बघायचे, तर एक दिवस वाटलं, मुद्दाम गेला का घसरून गेला, हे मला कधीच कळायचं नाही. पण वळणाला कठडा नव्हता, हे तर खरंच ना? जाणारा कसाही जाऊ दे. अडवायला तिथे काहीतरी हवं. एखाद्याचं मन ऐन वेळेला बदललं, तर हात टेकायला तरी हवं.

मग परत गेले त्या कार्यालयात. कारकून म्हणाला, ‘आई, आलात? आम्हाला वाटलं, सुटलो.’ मी म्हटलं, ‘इतक्यात कुठे सुटताय!’ गेल्या महिन्यात कठडा पुरा झाला. पांढऱ्या-लाल पट्ट्यांचा. हे आणि मी बघून आलो. यांनी प्रत्येक खांब हलवून बघितला.

मला काही मोठं विचारायचं नाही. एवढंच सांगा. तो तुमच्याकडे बसायचा कुठे? खिडकीशी बसायचा का? घरी खिडकीशीच बसायचा, म्हणून विचारते. पाणी बिणी प्यायचा का? हसला का हो कधी?

घुम्याची आई

२६ ऑगस्ट

आदरणीय महोदया,

आपली चिठ्ठी मिळाली.

आपण विचारले तेवढेही मला सांगता येत नाही. लहानसे आहे, म्हणून सांगितले तर काय बिघडले, असे मी स्वतःला विचारून पाहिले. पण तो कुठे बसला, हेही त्याचेच आहे.

ती खोली मात्र माझी आहे. तिच्याबद्दल सांगते.

खोलीत दोन खुर्च्या आहेत, सारख्या उंचीच्या. एक खिडकीशी, एक भिंतीशी. कुठे बसायचे, ते येणाराच ठरवतो. उरते ती खुर्ची माझी. खिडकीतून सायकल दुरुस्तीच्या दुकानाचे पत्रे दिसतात, आणि त्यांवर बहुधा एक मांजर झोपलेले असते. मधल्या टेबलावर पाण्याचा तांब्या आणि दोन पेले. खिडकीजवळच्या खुर्चीच्या हातावरचे कापड बोटांनी घासून घासून विरले आहे. किती जणांच्या आणि कुणाकुणाच्या बोटांनी, हे वेगळे करून सांगता येणार नाही. फर्निचरवाला नवे कापड लावून देतो म्हणतो. मी खुर्ची अजून दिलेली नाही.

आमच्या कामात शेवटच्या भेटीलाही नाव आहे, समापन. दोघांनी मिळून, ठरवून निरोप घ्यायचा. काही वेळा ते राहून जाते, आणि तसे राहिले की समुपदेशकालाही कुठेतरी जाऊन त्याबद्दल बोलावे लागते. मी बोलते आहे.

गुरुवारची संध्याकाळची वेळ मी अजून कुणाला दिलेली नाही. आपल्याला वाटले, तर या. खोलीत बसा, वाटेल त्या खुर्चीवर, वाटेल तेवढा वेळ. समुपदेशनासाठी नव्हे. मी आत येणार नाही. बाहेरच्या खोलीत, जिथे आपले यजमान बसले होते, त्या बाकावर बसेन. आणि आपण बाहेर याल, तेव्हा काही विचारणार नाही.

आपली,
समुपदेशक